जिल्हा दक्षिण सातारा

घराचा उंबरठा न ओलांडता जिल्हा बदलण्याची किमया आमच्या आजोबांनी अकरा वर्षांत दोनदा केली. विट्याचे त्यांचे घर जिथे होते तिथेच राहिले. परसातला आड हलला नाही, सोप्यातला झोपाळा हलला तो फक्त झोके घेण्यापुरता. पण १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि खानापूर तालुका, त्यातले विटा आणि विट्यातले आमचे आजोबा 'दक्षिण सातारा' जिल्ह्यात जाऊन पडले. पुढे महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी, २१ नोव्हेंबर १९६० ला, दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली ठेवण्यात आले. उत्तर सातारा होता तो पुन्हा नुसता सातारा झाला. सासरी गेलेल्या मुलीचे नाव बदलावे तसे हे घडले. फरक एवढाच, की मुलगी निदान घर तरी बदलते.

आजोबा मोठे काटेकोर गृहस्थ. पत्राच्या उजव्या कोपऱ्यात मुक्काम, तालुका, जिल्हा आणि मिती लिहिल्याशिवाय त्यांची लेखणी 'चि.' वर यायची नाही. डाव्या कोपऱ्यात ते पत्राचा क्रमांक घालीत. टपालात एखादे पत्र गहाळ झाले तर ते कळावे, हा त्यामागचा हेतू. माझी आत्या १९४८ च्या जूनमध्ये शिकण्यासाठी साताऱ्याला माझ्या वडिलांकडे आली, तेव्हा बारा वर्षांची होती. त्या महिन्यापासून १९६६ साली आजोबा गेले तोपर्यंत त्यांनी तिला २१४ पत्रे लिहिली. पहिल्या १४ पत्रांवर 'जि. सातारा' आहे. पंधराव्यापासून 'जि. दक्षिण सातारा'. आणि इतका काटेकोर माणूस, पण सांगली हे नाव मात्र त्यांनी लगेच मानले नाही. सरकारने बदल केल्यावरही ते जवळजवळ दोन वर्षे 'दक्षिण सातारा'च लिहीत राहिले. १७२ व्या पत्रावर प्रथम 'जि. सांगली' उमटले. गंमत अशी, की आत्या १९५६ साली लग्न होऊन सांगलीलाच गेली होती, आणि त्या काळात खुद्द सांगलीचा जिल्हाही दक्षिण साताराच होता. जे गाव १९४८ च्या मार्चपर्यंत पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होते, त्याने आठ वर्षांनी आपल्या पत्त्यात शेजारच्या गावाचे नाव मिरवावे, हे जुन्या सांगलीकरांना कसे रुचले असेल कोण जाणे! माझ्या आतेभावाला ते अजून रुचलेले नाही. त्याची हकीकत पुढे येतेच आहे.

हे सारे आठवायला कारण झाले ते माझे सध्याचे खूळ. बँकेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर माणसाने सकाळी अजिंक्यताऱ्याच्या दिशेने फिरायला जावे, संध्याकाळी मोती चौकात भाजी घ्यावी, अशी साताऱ्यातली रीत आहे. मी मात्र घरातल्या एका जुन्या संगणकावर वेब सर्व्हर चालवतो. फिरायला येणाऱ्या मित्रांना हे सांगितले तेव्हा एकाने काळजीच्या सुरात विचारले, "घरी सगळे ठीक आहे ना?"

सर्व्हर या शब्दाला घाबरण्याचे काही कारण नाही. सर्व्हर म्हणजे वाढपी. इंग्रजी शब्दाचा अर्थही तोच. पंगतीत बसलेला पाहुणा म्हणतो, "जरा मठ्ठा." वाढपी आत जातो, मठ्ठा आणतो, वाटीत ओततो. मठ्ठा कोणत्या पातेल्यात आहे, ते पातेले चुलीजवळ आहे की फडताळाखाली, हे पाहुण्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. त्याला फक्त मागायचे कसे ते माहीत हवे. उलट वाढप्याला मात्र सगळे नेमके सांगावे लागते. 'बाबा रे, ह्या खोलीत जे मांडले आहे तेवढेच वाढायचे. कोठीच्या खोलीत जायचे नाही, देवघरात तर मुळीच नाही.' वेब सर्व्हरला ही जी खोली दाखवून द्यावी लागते तिला 'डॉक्युमेंट रूट' म्हणतात, आणि ती दाखवण्यासाठी लिहिलेल्या वाटेला 'पाथ'. माझ्या खुळाचा बराचसा भाग ह्या वाटा लिहिण्यातच जातो.

पण ह्या वाटेला मी लागलो कसा, ते आधी सांगायला हवे.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला कृष्णेचे पाणी चढले. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी समजतात. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आत्याचे घर गावभागात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. २००५ च्या पुराचा अनुभव होता, म्हणून तिला आधीच विश्रामबागेत नातलगांकडे हलवले होते आणि घरातले सामान टेबलांवर चढवले होते. पत्रांची ट्रंकही टेबलावरच होती. पण ह्या खेपेला पाणी टेबलाच्याही वर गेले. पाणी ओसरल्यावर आतेभावाने ट्रंक उघडली तेव्हा तिच्यात गाळ, आणि गाळात पत्रे.

ती ओली ट्रंक तशीच आमच्याकडे साताऱ्याला आली. आठ दिवस आमच्या माजघरात दोऱ्या बांधून, कपड्यांचे चिमटे लावून आम्ही पत्रे वाळवली. मध्ये टिपकागद, वर पंखा. त्या आठ दिवसांत मला शाईबद्दल जे ज्ञान झाले ते पन्नास वर्षे सह्या करून झाले नव्हते. आजोबांची जुनी पत्रे निळ्या-काळ्या शाईतली. त्या शाईत लोहाचा अंश असतो. ती कागदात मुरून काळी पडते आणि पाण्याला सहसा दाद देत नाही. मधल्या काही वर्षांत त्यांना कोणीतरी फाउंटन पेन भेट दिले आणि त्याबरोबर सुरेख निळी शाई आली. ती शाई नुसत्या रंगाची. पाणी लागताच वाहून गेली. शेवटची बॉलपेनची पत्रे बरीचशी टिकली. पोस्टकार्डे पाकिटांतल्या पातळ कागदांपेक्षा धट्टीकट्टी निघाली. सगळी मोजदाद झाली तेव्हा २१४ पैकी १३१ पत्रे हाती लागली होती आणि ८३ गेली होती. कोणती गेली तेही कळत होते, कारण आजोबांचे क्रमांक.

आत्या तेव्हा त्र्याऐंशी वर्षांची. तिला गेलेल्या पत्रांचा आकडा सांगितला. तिने नुसती मान हलवली आणि विचारले, "राहिलेली मला वाचायला कधी मिळतील?" कागद इतके ठिसूळ झाले होते, की ते पुन्हा तिच्या हाती देणे म्हणजे त्यांचा अंत पाहणे. तिच्याजवळ नातवाने दिलेला मोठ्या पडद्याचा फोन होता. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि माझी पुतणी पुण्याहून काम घेऊन साताऱ्याला घरी आली. तिने माळ्यावरचा जुना संगणक खाली काढला, त्यावर लिनक्स घातले आणि म्हणाली, "काका, पत्रं स्कॅन करा. आजीला सांगलीत बसून वाचता येतील असं करते."

लिनक्स हा युनिक्सच्या वळणाचा. युनिक्स १९६९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केले. त्यात सगळ्या फायली एकाच झाडावर टांगलेल्या असतात, आणि त्या झाडाचे मूळ वर, फांद्या खाली. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्याचे नवल वाटणार नाही. मुळाचे चिन्ह एक तिरकी रेघ. तिथून निघून प्रत्येक खोलीपाशी एकेक तिरकी रेघ देत जी वाट लिहायची, ती पूर्ण वाट. तुम्ही कुठेही उभे असा, ती एकाच ठिकाणी नेते. दुसरी वाट आपण जिथे उभे असू तिथून सांगितलेली. साताऱ्यात पत्ता विचारला तर बहुधा ही दुसरी वाट मिळते. 'राजवाड्यावरून खाली या, डावीकडे वळा, मग कोणालाही विचारा.' विचारणारा राजवाड्यापाशी उभा असेल तर हे ठीक. तो पोवई नाक्यावर असेल तर संध्याकाळपर्यंत फिरेल. सर्व्हरला वाट सांगताना ती मुळापासून सांगावी, हा पुतणीने मला घालून दिलेला पहिला धडा.

ह्या झाडावरच्या खोल्यांची नावेही मोठी मौजेची. एकीचे नाव 'यूएसआर'. युनिक्सच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत तिच्यात वापरणाऱ्या माणसांची बिऱ्हाडे होती, म्हणून 'यूजर'वरून ते नाव. बिऱ्हाडे केव्हाच उठून 'होम' नावाच्या खोलीत गेली. यूएसआरमध्ये आता कार्यक्रमांच्या फायली राहतात, पण नाव तेच. साताऱ्यात रिक्षावाल्याला 'राजवाडा' म्हटले की तो नेतो. तिथे राजा राहतो का, हे कोणी विचारीत नाही. शनिवार पेठेत शनिवारी काय असते, हेही कोणी विचारीत नाही.

सर्व्हर आम्ही वापरला तो अपाचे नावाचा, १९९५ पासून चालत आलेला. त्याच्याबरोबर येणाऱ्या नेमणुकीच्या फायलीतच पहिला हुकूम असा असतो, की मुळापासून सगळ्या झाडावर मनाई. मग एकदोन खोल्यांना परवानगी. म्हणजे आधी सगळी दारे बंद, नंतर लागतील तेवढीच उघडायची. बँकेत तीस वर्षे किल्ल्या सांभाळलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही. पाहुण्याने मागताना मध्येच दोन टिंबे घालून 'एक खोली मागे चल' अशी लबाडी केली, तरी वाढपी आपल्या हद्दीबाहेर पाऊल टाकीत नाही.

पुतणीने पत्रे स्वतःच्या होममधल्या एका खोलीत ठेवली आणि सर्व्हरला 'एलिअस' दिले. एलिअस म्हणजे टोपणनाव. बाहेरून कोणी 'दक्षिण-सातारा' मागितले की वाढप्याने आतल्या अमुक खोलीत जायचे. बाहेरचा पत्ता एक, आतली वाट दुसरी. दोन्हींची गाठ एका ओळीत. आजोबांनी पत्रांवर जो जिल्हा घातला होता त्याप्रमाणे तीन नावे ठेवली: सातारा, दक्षिण-सातारा, सांगली. पुढे पत्राचा क्रमांक. वडिलांना आलेली पत्रे साताऱ्यात सुखरूप होती, तीही निराळ्या नावाने लावली. नावे देवनागरीत ठेवावी असा माझा आग्रह होता, पण पुतणीने करून दाखवले. 'सांगली' हा सुटसुटीत शब्द पत्त्यात शिरून दुसरीकडे उतरवला की त्याची टक्क्यांची चिन्हे आणि आकडे मिळून ५४ अक्षरांची माळ होते. आत्याने ती वहीत कशी उतरवायची? तेव्हा रोमन लिपी, आणि तीही सगळी लहान अक्षरे. कारण युनिक्सच्या लेखी मोठा 'एस' आणि लहान 'एस' हे दोन वेगळे इसम आहेत, आणि फोनला मात्र पहिले अक्षर आपण होऊन मोठे करण्याची खोड. घरचा संगणक सांगलीहून सापडावा आणि परक्याला परवलीच्या शब्दाशिवाय आत येता येऊ नये, ह्यासाठी तिने आणखी काही व्यवस्था केली. त्यात मी शिरत नाही.

आत्याला पत्रे मिळाली. ती रोज दुपारी एक वाचू लागली. तिने एक दोनशे पानी वही केली आणि आवडलेल्या पत्राचा पत्ता तीत स्वतःच्या हाताने लिहून ठेवू लागली. नाशिकच्या वहिनींना, पुण्याच्या भाच्यांना, अमेरिकेतल्या नातीला ती तो पत्ता कळवी. 'एकतीस बघ. तुझ्या आजीच्या हातच्या सांज्याच्या पोळ्या त्यात आहेत.' कोणाला फोनवरून, कोणाला चक्क पोस्टकार्डावर. तीन वर्षांत असे किती पत्ते किती घरांत जाऊन बसले, त्याची नोंद कोणापाशीच नाही. आणि पुढच्या सगळ्या प्रकरणाची गोम नेमकी ह्या गोष्टीत होती.

२०२३ साली संगणकाची जुनी डिस्क कण्हू लागली. पुतणीने नवी डिस्क आणली, लिनक्सची नवी आवृत्ती घातली, फायली जशाच्या तशा जागच्या जागी ठेवल्या, नेमणुकीच्या ओळी उतरवल्या आणि सर्व्हर सुरू केला. सांगलीहून लगेच फोन. पत्रांऐवजी पडद्यावर ४०३ हा आकडा येत होता.

हे आकडे वाढप्याची उत्तरे असतात. ४०४ म्हणजे 'असा पदार्थ घरात नाही'. ४०३ म्हणजे 'आहे की नाही ते विचारू नका, मला तिकडे जायची मनाई आहे'. पुतणीने पत्रांच्या खोलीचे दार पाहिले, उघडे. एकेका पत्राची परवानगी पाहिली, वाचायला मुभा. नेमणुकीच्या फायलीत बरोबर लिहिलेले. तरी ४०३. शेवटी तिने मुळापासून एकेक दार चालत यायला सुरुवात केली, आणि तिसऱ्याच दाराशी उलगडा झाला. युनिक्समध्ये माजघरात जायचे तर दिंडी, चौक आणि सोपा ह्यांतून आरपार जाण्याची मुभा प्रत्येक ठिकाणी वेगळी लागते. माजघर सताड उघडे असून उपयोग नाही. सोप्याला कडी असेल तर पाहुणा चौकातच उभा. उबुंटू लिनक्समध्ये पूर्वी माणसांच्या बिऱ्हाडांची दारे परक्यांना आत डोकावण्यापुरती उघडी असत. २०२१ पासून ती मुळातच बंद यायला लागली. बदल योग्यच, कोणाच्या बिऱ्हाडात वाढप्याने का शिरावे?

आता तीच कडी काढून ठेवणे हा झटपट उपाय होता, आणि पुष्कळ जण तोच करतात. पुतणीने केला नाही. युनिक्सवाल्यांनी खोल्यांचे जे संकेत ठरवले आहेत त्यांत 'एसआरव्ही' नावाची एक खोली खास बाहेरच्यांना वाढायच्या वस्तूंसाठी राखलेली आहे. अपाचेच्या फायलीत तिच्या परवान्याच्या ओळीही तयार लिहिलेल्या असतात, फक्त प्रत्येक ओळीपुढे एक चिन्ह घालून त्या निद्रिस्त ठेवलेल्या. तिने पत्रे तिकडे हलवली, ती चिन्हे पुसली, एलिअसची आतली बाजू बदलली. बाहेरचा पत्ता अक्षरानेही बदलला नाही. आत्याला ह्या स्थलांतराची वार्ताही लागली नाही. पाच मिनिटांत तिचा निरोप आला, 'एकोणपन्नास उघडले.'

इथे आतेभाऊ मंचावर येतो. तो निवृत्त इंजिनियर आणि कडवा सांगलीकर. हळद, नाटक आणि गणपती ह्यांपैकी कोणताही विषय निघाला तरी त्याचा शेवट सांगलीत होतो. सगळे हलवतोच आहोत तर नावेही सुधारून टाकू, असे त्याचे म्हणणे पडले. "दक्षिण सातारा कसला? नकाशात दाखव मला! लोकांना वाटेल आम्ही अजून तुमचे मांडलिक. माझी गाडी एमएच दहा, तुझी एमएच अकरा. नंबरात तरी सांगली पुढं आहे." सातारच्या माझ्या धाकट्या भावाला हे ऐकून अर्थातच चेव आला, आणि 'दक्षिण'च काय, आणखी दोन जिल्हे उत्तर आणि पश्चिम सातारा म्हणून लावावेत अशी त्याने सूचना केली.

पुतणीचे मत निराळे होते, आणि ते विचार करण्याजोगे होते. वेब ज्यांनी निर्माण केले त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ साली पत्त्यांविषयी एक टिपण लिहिले. एकदा दिलेला पत्ता मोडू नये, हे त्याचे सूत्र. आणि मोडू नये म्हणून पत्त्यात मुळातच बदलणाऱ्या गोष्टी घालू नयेत, असा त्यांचा सल्ला. लिहिणाऱ्याचे नाव, विषय, फायल कोणत्या डिस्कवर आहे, कोणत्या कार्यक्रमाने केली, हे सगळे आज ना उद्या बदलते. निर्मितीची तारीख मात्र बदलत नाही. म्हणून पुतणी म्हणाली, जिल्हे काढून टाका आणि वर्ष घाला. बर्नर्स-ली खानापूर तालुक्यात राहिलेले नाहीत, पण त्यांना आमचे दुखणे अचूक कळले होते, हे मला कबूल करावे लागले.

मला विचाराल तर टपाल खात्याला ते त्याआधी कितीतरी वर्षे कळले होते. आजोबा १९६२ पर्यंत नसलेल्या जिल्ह्याचे नाव परतीच्या पत्त्यात लिहीत होते, आणि आत्या पाहून पाहून तेच लिहून त्यांना उत्तर धाडीत होती. त्यातले एकही पत्र परत आले नाही. विट्याच्या पोस्टमनकडे एलिअस तोंडपाठ होते. पुढे १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे मोठे पंडित. सहा आकड्यांत मुळापासूनची वाटच त्यांनी बसवली: पहिला आकडा विभागाचा, दुसरा पोटविभागाचा, तिसरा टपालाच्या वर्गवारीच्या जिल्ह्याचा, आणि उरलेले तीन त्या टपाल कचेरीचे. हा जिल्हा टपालाचा, कलेक्टरचा नव्हे. साताऱ्याचा पिन ४१५००१, सांगलीचा ४१६४१६. आणि विट्याचा? ४१५३११. जिल्हा सांगली होऊन बारा वर्षे झाल्यावर दिलेला आकडा, पण टपालाची वाट साताऱ्याच्याच अंगाची. आतेभावाला हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ फोनवर काही बोललाच नाही.

निर्णय आत्याने दिला. तिच्यासमोर तिघांची म्हणणी मांडली. ती म्हणाली, "अप्पांनी कागदावर जे लिहिलंय ते राहू दे. मी लोकांना दिलेला पत्ता बदलायचा, तर मला पुन्हा सगळ्यांना कळवावं लागेल. आणि त्यातले चौघं तर आता नाहीत." त्या चौघांच्या घरची माणसे ते पोस्टकार्ड काढून कधीतरी पाहतीलच की.

मग पुतणीने अशी सोय केली: जुने तिन्ही पत्ते आहेत तसेच ठेवले. वर्षांप्रमाणे मागणाऱ्यांसाठी वेगळे टोपणनाव दिले. तेही त्याच पत्रांपाशी नेते. आतेभावाच्या समाधानासाठी 'दक्षिण-सातारा'ची पत्रे 'सांगली' ह्या नावानेही मागता येतील असे केले. क्रमांक सलग असल्यामुळे त्यात घोटाळा होत नाही. त्याने मागितले की सर्व्हर '३०१' असे उत्तर देऊन त्याला दक्षिण साताऱ्याकडे धाडतो. ३०१ म्हणजे पाकिटावर पोस्टमनने लिहावे तसे, 'पत्ता कायमचा बदलला, पुढे पाठवले'. सांगलीहून निघालेला माझा आतेभाऊ रोज दक्षिण साताऱ्यात जाऊन उतरतो, आणि ते त्याच्या पडद्यावर वरच्या पट्टीत दिसतेही. त्याने अजून तक्रार केलेली नाही.

राहिली ती ८३ पत्रे. वहीवरून आत्याने त्यांतलेही क्रमांक मागून पाहिले होते. वाढपी म्हणे ४०४, असा पदार्थ नाही. आत्याला ते उत्तर लागले. "नाही कसं? होतं की! मी वाचलंय." मी पुतणीला विचारले, होते आणि आता नाही असे सांगणारा आकडा तुमच्यात नाही का? निघाला. ४१०. वस्तू इथे होती, ती गेली आणि आता परत येणार नाही, एवढेच तो सांगतो. अपाचेला तसे बजावायला एका क्रमांकाला एक ओळ पुरते. पुतणीने ८३ ओळी लिहिल्या आणि त्या उत्तराबरोबर दिसेल असे एक साधे पान केले. 'हे पत्र ऑगस्ट २०१९ च्या पुरात गेले.'

ते पान पहिल्यांदा पाहिले त्या दिवशी आत्याने मला फोन केला आणि म्हणाली, "लिहून घे. क्रमांक बावीस." आणि तिने आजोबांचे पत्र सांगायला सुरुवात केली. शब्दन्‌शब्द तोच असेल असे मी म्हणत नाही, पण विहिरीला पाणी किती होते, म्हशीचे काय झाले, गणितात गुण कमी पडल्याबद्दल काय लिहिले होते, सगळे ओळीने. मी ते लिहून घेतले, तिला वाचून दाखवले, तिने दोन जागी दुरुस्ती केली. मग ते पान करून, खाली 'स्मरणावरून' असे लिहून, त्याच पत्त्यावर ठेवले, आणि नेमणुकीच्या फायलीतली बावीसची ओळ पुसली. सर्व्हर आधी 'गेले की काय' हे पाहतो आणि मगच दार शोधतो. त्यामुळे ती ओळ पुसल्याशिवाय नवे पान दिसत नाही. हे काम आता मी स्वतः करतो.

तेव्हापासून महिन्यातून एखाददुसरा फोन येतो. २७ पत्रे झाली, ५६ ओळी उरल्या आहेत. काही क्रमांक विचारले की ती म्हणते, आज नाही आठवत, पावसाळ्यात विचार. आठवतातही. क्रमांक ११८ मात्र १९५६ च्या चैत्रातला आहे, तिचे सांगलीचे लग्न ठरण्याच्या थोडा आधीचा. तो तिला आठवतो, हे तिच्या आवाजावरून मला कळते. दोनदा विचारला. दोन्ही वेळा ती म्हणाली, "ते गेलेलंच राहू दे." त्या क्रमांकाची ओळ फायलीत तशीच आहे.